हुशार मुलांचं पालकत्व

वयाच्या मानाने खूप पुढे असलेल्या मुलाला घरून दिशा देणं, त्याची गोडी टिकवणं, आणि गरज नसेल तिथे मध्ये न पडणं, या सगळ्याला मिळून हे नाव. खेळ, गाणं, चित्रकला, बुद्धिबळ हेही यात येतं, पण आपल्याकडे विषय निघाला की गाडी लगेच स्कॉलरशिप, होमी भाभा नि ऑलिंपियाड या परीक्षांच्या क्लासवरच जाते.

हुशारी मोजायची कशी यावर बरंच काम झालंय. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१ पासून आयक्यू टेस्ट घेऊन दीड हजाराच्या आसपास मुलं निवडली नि पुढे आयुष्यभर त्यांची माहिती ठेवली. गंमत म्हणजे टेस्ट देऊन निवड न झालेल्यांत विल्यम शॉकली आणि लुईस अल्व्हारेझ होते, आणि नंतर फिजिक्सचं नोबेल मिळालं ते या दोघांना. तेव्हा आयक्यूचा आकडा हाताशी असावा, पण त्याच्यावर मुलाचं भविष्य मांडत बसू नये.

कौतुकाचंही तसंच. १९९८ साली क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांचे प्रयोग छापून आले, पाचवीच्या वयाची मुलं होती, काहींना 'तू हुशार आहेस' म्हटलं, काहींना 'तू मेहनत घेतलीस', मग सगळ्यांना मुद्दाम अवघड कोडी दिली. हुशार म्हटलेली मुलं लवकर कंटाळली, पुढच्या सोप्या कोड्यांतही मागे पडली, आणि आपले मार्क वाढवून सांगणारी पण त्यांच्यातच जास्त निघाली! पाहुण्यांसमोर 'आमचा बंड्या म्हणजे जीनियस' करणाऱ्या घरांनी एवढं तरी वाचावं.

खरा गोंधळ होतो तो वेगाचा. ॲडलेडच्या टेरेन्स टाओला साडेतीन वर्षांचा असतानाच शाळेत घातलं होतं, अभ्यास जमत होता पण वर्गात बसण्याइतका तो मोठा झाला नव्हता, तर आईवडिलांनी सरळ काढून घेतलं आणि पुढे पाचव्या वर्षी परत घातलं. नंतरही गणिताला मोठ्यांच्या वर्गात आणि बाकीच्या विषयांना खालच्या, अशी शाळेशी बोलून सोय केली. २००६ ला त्याला फील्ड्स मेडल, म्हणजे गणितातला सर्वात मोठ्या सन्मानांपैकी एक, मिळालं. याच्या उलट विल्यम सिडिस, वडील स्वतः मानसशास्त्रज्ञ, १९०९ ला अकराव्या वर्षी पोरगा हार्वर्डमध्ये, पेपरात सारखं नाव, आणि मोठेपणी तो प्रसिद्धीपासून पळत साध्या कारकुनी नोकऱ्या करत राहिला. सगळा दोष वडिलांचा असं म्हणता येणार नाही, पण मुलाचा जाहीर तमाशा होऊ द्यायला नको होता एवढं नक्की.

दुसरी गोष्ट म्हणजे योग्य माणसं शोधणं, कारण एका मर्यादेनंतर आईबापांना स्वतः शिकवता येतच नाही. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ ला ज्ञानप्रबोधिनी काढली, १९६९ पासून तिची प्रशाला आहे, तिथे चाचण्या घेऊन प्रवेश देतात. आपल्याइतकीच डोकेबाज पोरं आजूबाजूला असणं हा अशा जागेचा मोठा फायदा, 'मीच शहाणा' हे आपोआप उतरतं.

सचिन तेंडुलकरच्या घरात तर हे काम एकट्या आईबापांनी केलंच नाही. आचरेकर सरांकडे त्याला नेलं ते भाऊ अजितने, पहिल्या दिवशी सरांसमोर तो बावरला तेव्हा 'जरा लांबून बघा' असं सरांना अजितनेच सांगितलं. क्रिकेटसाठी वांद्र्याची शाळा सोडून शारदाश्रमला जायचं ठरलं, बसने जाण्यायेण्यात जीव जायचा म्हणून तो शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहिला. वडील रमेश तेंडुलकर मराठीचे प्राध्यापक नि कवी, त्यांनी शाळा बदलण्याचा निर्णय मुलावर सोपवला होता.