नाटेकर, नंदू

नाटेकर, नंदू : (१२ मे १९३३ – २८ जुलै २०२१). विख्यात भारतीय बॅडमिंटनपटू. या खेळात परदेशातील आंतरराष्ट्रीय स्पर्धेत विजेतेपद मिळविणारे पहिले भारतीय म्हणून ते ओळखले जातात. संपूर्ण नाव नंदकुमार महादेव नाटेकर. जन्म सांगली येथे. निधन पुणे येथे. राष्ट्रीय स्पर्धेत पुरुष एकेरीची ६, पुरुष दुहेरीची ६ आणि मिश्र दुहेरीची ५ अशी १७ विजेतेपदे त्यांच्या नावावर आहेत. त्यांपैकी एकेरीचे पहिले १९५३ मधील, तर अखेरचे १९६५ मधील आहे.

क्रीडाजीवनाच्या आरंभी ते टेनिस खेळत. कनिष्ठ गटाच्या राष्ट्रीय टेनिस स्पर्धेत, बहुधा १९५१-५२ च्या हंगामात, रामनाथन कृष्णन यांच्याकडून पराभव झाल्यावर ते बॅडमिंटनकडे वळले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्यांच्या आंतरराष्ट्रीय पदार्पणाच्या वर्षाबाबत मात्र एकवाक्यता नाही. टॉमस चषकातील (त्या काळी दर तीन वर्षांनी होणारी पुरुषांची जागतिक सांघिक बॅडमिंटन स्पर्धा) त्यांची कामगिरी ‘१९५१ ते १९६३’ अशी नोंदविली जाते, तर दुसरीकडे वयाच्या विसाव्या वर्षी, म्हणजे १९५३ च्या सुमारास, ते प्रथम भारतातर्फे खेळले असे सांगितले जाते. टेनिस सोडल्याचा काळ आणि १९५३ चे पहिले राष्ट्रीय विजेतेपद ही दोन्ही ध्यानात घेता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. टॉमस चषकाचा १९५१-५२ चा हंगाम संपल्यानंतरचा पुढचा हंगाम १९५४-५५ चा होता. तेव्हा ‘१९५१’ हा आकडा नाटेकरांपेक्षा भारताच्या सहभागाच्या आरंभाशी जोडलेला असावा. १९५४ मध्ये त्यांनी अखिल इंग्लंड (ऑल इंग्लंड) या प्रतिष्ठेच्या बॅडमिंटन स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरी गाठली.

टॉमस चषकातील त्यांचा हिशेब असा : एकेरीच्या १६ सामन्यांपैकी १२ विजय, दुहेरीच्या १६ पैकी ८. या आकड्यांचे मोल कळण्यासाठी त्या वेळची स्पर्धापद्धती माहीत असावी लागते. दोन देशांतील लढत दोन दिवस चाले आणि तीत पाच एकेरी व चार दुहेरी असे नऊ सामने असत. प्रत्येक संघाच्या पहिल्या दोन एकेरी खेळाडूंना प्रतिपक्षाच्या पहिल्या दोघांशीही खेळावे लागे, आणि दोन दुहेरी जोड्यांबाबतही हाच नियम होता. त्यामुळे संघाचा मुख्य खेळाडू दुहेरीतही असेल, तर दोन दिवसांत त्याच्या वाट्याला चार सामने येत. एकेरी व दुहेरीचे प्रत्येकी १६ सामने म्हणजे अशा आठ लढती होतात. त्यावरून नाटेकर बहुतेक लढतींत हा संपूर्ण भार उचलत होते, असे अनुमान निघते. दुहेरीतील यश एकेरीच्या तुलनेने कमी दिसते, त्याचा विचार करताना हा भार विसरून चालणार नाही. भारतीय संघाचे नेतृत्व त्यांनी तीन वेळा केले. त्यासाठी दिली जाणारी १९५९, १९६१ व १९६३ ही वर्षे त्रैवार्षिक हंगामांशी पूर्णपणे जुळत नाहीत, म्हणून ती सावधपणेच स्वीकारावीत.

१९५६ मध्ये क्वालालंपूर येथील सेलांगोर आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी एकेरीचे विजेतेपद मिळविले. जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९७७ मध्ये आणि आशियाई अजिंक्यपद स्पर्धा १९६२ मध्ये सुरू झाली. त्यामुळे तेव्हा खेळाडूची पारख टॉमस चषकात आणि अशा मोजक्या खुल्या स्पर्धांत होत असे. क्वालालंपूर ज्या देशात होते, तो मलाया (आजच्या मलेशियाचा भाग) हा १९४९, १९५२ व १९५५ असा सलग तीन वेळा टॉमस चषक जिंकलेला देश होता, आणि वाँग पेंग सून व एडी चूंग या त्याच्याच खेळाडूंनी १९५० ते १९५७ या काळात अखिल इंग्लंडची एकेरी स्पर्धा आपल्याकडे राखली होती. अशा भूमीवर मिळविलेले विजेतेपद म्हणून सेलांगोरचे महत्त्व आहे. ‘पहिले भारतीय’ हा मान मात्र विजेतेपदापुरताच समजावा. भारताच्याच प्रकाश नाथ यांनी १९४७ मध्येच अखिल इंग्लंड स्पर्धेची अंतिम फेरी गाठली होती. प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने नाटेकरांची खरी थोरवी या एका विजयापेक्षा टॉमस चषकातील सातत्यात अधिक दिसते.

त्यांच्या खेळाचे मर्म मनगटात होते. त्या वेळच्या लाकडी चौकटीच्या तुलनेने जड रॅकेटने डाव्या मागच्या कोपऱ्यातून बॅकहँडने फूल (शटल) प्रतिस्पर्ध्याच्या मागच्या रेषेपर्यंत पोहोचविणे हा या खेळातील सर्वांत कठीण फटक्यांपैकी एक होय. बहुतेक खेळाडू तो टाळण्यासाठी फुलाला वळसा घालून डोक्यावरून फटका मारत, आणि त्यात कोर्टाची उजवी बाजू मोकळी पडे. नाटेकर तेथूनच, पाठ जाळीकडे असताना, एकाच हालचालीतून टॉस (मागच्या रेषेपर्यंत जाणारा उंच फटका) किंवा ड्रॉप (जाळीलगत पडणारा हलका फटका) मारू शकत आणि कोणता फटका येणार हे फूल रॅकेटला लागेपर्यंत समोरच्याला उमगत नसे. सर्व्हिस करणाऱ्यालाच गुण मिळण्याच्या तत्कालीन पद्धतीत दीर्घ चढाओढींतून सर्व्हिस परत मिळवावी लागे. तेथे अशी हुलकावणी निव्वळ जोरकस स्मॅशपेक्षा अधिक फळत असे. पीळदार, देखण्या फटक्यांचा खेळाडू म्हणून त्यांचा खेळ पाहणाऱ्यांनी त्यांना वाखाणले, ते रास्तच होय. मिश्र दुहेरीत मीना शहा यांच्याबरोबरची त्यांची जोडी विशेष गाजली.

अर्जुन पुरस्कार सुरू झाला त्याच वर्षी, १९६१ मध्ये, तो मिळविणारे ते पहिले बॅडमिंटनपटू ठरले. जमैकातील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. याचे वर्ष अनेक ठिकाणी १९६५ असे छापलेले आढळते, परंतु किंग्स्टन येथील या स्पर्धा ऑगस्ट १९६६ मध्ये झाल्या आणि बॅडमिंटनचा अंतर्भाव राष्ट्रकुल स्पर्धांत प्रथम तेथेच झाला. तोवर भारतीय बॅडमिंटनची धुरा पुढच्या पिढीकडे जाऊ लागली होती : १९६५ चे आशियाई विजेते दिनेश खन्ना यांनी किंग्स्टनला एकेरीत कांस्यपदक मिळविले. नाटेकरांचे पुत्र गौरव हे टेनिसमध्ये भारताकडून खेळले.