खोकला काढता येत नाही तेव्हा

एसएमए (स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी) किंवा ड्युशेन (ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी) या स्नायू कमजोर करत नेणाऱ्या जनुकीय आजारांपैकी एक असलेल्या मुलाची फुप्फुसं बहुधा धड असतात. थकतात ते फुप्फुसं हलवणारे स्नायू. खोकण्यासाठी आधी खोल श्वास लागतो, मग बंद घशामागे दाब आणि शेवटी पोटाचा झटका. बारा वर्षांपुढच्या मुलाच्या खोकल्याचा जोर मिनिटाला 270 लिटरच्या खाली आला, की साधी सर्दीही धोक्याची. 160 च्या खाली कफ वर येतच नाही. म्हणून उपशामक चिकित्सा, म्हणजे त्रास कमी करून मुलाला आराम देणारी काळजी, शेवटच्या आठवड्यांसाठी राखून ठेवायची नसते, निदान झालं की ती सुरू करायची. आजारावरची औषधं चालू असली तरीही.

घरी करायचं काय? सांगितलेलं समजणाऱ्या मुलाला अंबू बॅगेचा, म्हणजे हाताने दाबून श्वास देण्याच्या फुग्याचा, मास्क घट्ट लावायचा आणि श्वास आत घेताना बॅग दाबायची. श्वास न सोडता वर दुसरा, तिसरा. छाती भरली की ‘खोक’ म्हणायचं आणि त्याच क्षणी बरगड्यांखाली तळहाताने आत-वर दाबायचं. क्षण चुकला तर नुसतं पोट दुखतं. लहानग्यांना खोकल्याचं यंत्र लागतं; ते मास्कमधून हवा आत ढकलतं आणि लगेच बाहेर ओढतं. त्याचा दाब कमी ठेवून सुरुवात करतात आणि हळूहळू अधिक-उणे 40 सेंटिमीटर पाण्यापर्यंत (हे दाबाचं माप; अधिक म्हणजे ढकलताना, उणे म्हणजे ओढताना) नेतात. पाच श्वासांची एक फेरी, मग थोडी विश्रांती, अशा चार-पाच फेऱ्या. हे जेवणाआधीच, नाहीतर उलटी. वर आलेला कफ सक्शनने, म्हणजे नळीने ओढून घेणाऱ्या यंत्राने, काढावा, एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही.

बोटाला लावलेल्या ऑक्सिजन मोजणाऱ्या मीटरवर 95 टक्क्यांच्या खाली आकडा दिसला की सगळे ऑक्सिजनकडे धावतात. आधी कफ काढा. नुसत्या ऑक्सिजनने आकडा सुधारतो, पण श्वास उथळच राहतो आणि आत कार्बन डायऑक्साइड साचतो. सकाळची डोकेदुखी आणि दिवसाची गुंगी ही त्याचीच खूण. ऑक्सिजन लागलाच तर बायपॅपच्या, म्हणजे मास्कमधून दाबाने श्वासाला आधार देणाऱ्या यंत्राच्या, जोडीला. हे एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाराशी चिकटवा. 108 मधून आलेल्या माणसाला तुमचं मूल माहीत नसतं. बायपॅपही मुलाबरोबर गाडीत गेलं पाहिजे.

गोव्यात सगळ्यात जोखमीचा काळ चवथीचा, म्हणजे गणेशचतुर्थीचा. भर पावसात मूळ घरी तीस-चाळीस माणसं, त्यात दोघांना सर्दी. आरतीला मूल बसू दे, पण शिंकणाऱ्या मामाने लांबूनच पापा द्यावा. लाइट जाणार हे धरूनच चालायचं: बायपॅप इन्व्हर्टरवर, पायाने चालणारं सक्शन खाटेखाली, अंबू बॅग उशाशी.

आजीची पेज हलकी म्हणून बरी, असं वाटतं. गिळायला मात्र तीच अवघड, कारण पाणी आधी पुढे पळतं आणि शितं मागे राहतात. पेज घोटून एकसारखी दाट करावी, मुलाला बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून भरवावी. जेवण अर्ध्या तासाहून लांबू लागलं, तर थेट पोटात अन्न देणाऱ्या नळीची गोष्ट डॉक्टरांशी काढा.

पुढे धाप लागली तर अगदी कमी मात्रेतलं मॉर्फिन आराम देतं. 2014 मध्ये कायदा बदलल्यापासून ते मिळवणंही सोपं झालं आहे. त्याने लगेच श्वास थांबतो ही भीती बापाच्या मनात असते, नर्सच्याही. मात्रा ठरवून, घाईने न वाढवता दिलं तर तसं होत नाही. बद्धकोष्ठ मात्र नक्की होतो, म्हणून रेचक पहिल्या दिवसापासून.

आणि रात्री दर दोन-तीन तासांनी उठून मुलाची कूस बदलणारी आई. तिला झोप मिळावी म्हणून आठवड्यातून एक रात्र तरी मावशीने किंवा काकाने घ्यावी. त्यासाठी सक्शन कसं करायचं, ते त्यांनाही आत्ताच शिकवून ठेवावं.