बेअरिंग सैल होतं, खराब नव्हतं

लाकडाची एक चकती कापली होती. व्यास 60 मिलिमीटर, मधोमध कोरलेलं फूल. फूल बरं आलं होतं. कडेवरून अंगठा फिरवला की मात्र तो दोन जागी अडखळायचा. चकतीला घड्याळाची तबकडी धरलं तर एकदा तीनवर आणि एकदा नऊवर. तिथे कड गोल नव्हतीच. दोन-अडीच मिलिमीटर अगदी सरळ, कोणी कानस मारून सपाट केल्यासारखी. बारा आणि सहावर कड गुळगुळीत वाटत होती.

यंत्र म्हणजे घरात टेबलावर मावणारा सीएनसी राउटर, संगणकाच्या हुकमाने लाकूड कापणारा-कोरणारा. डावं-उजवं म्हणजे एक्स अक्ष, पुढे-मागे वाय, वर-खाली झेड. स्पिंडल (कापणारं बिट धरून फिरवणारा भाग) हाताने ढकलून पाहिलं तर एक्स दिशेला बारीक ‘टक्’ झालं. बेअरिंग गेलं, असं निदान मी उभ्या-उभ्या केलं, एक्सचा गाडा सरकवणाऱ्या लांब स्क्रूच्या टोकाचं बेअरिंग काढून नवं कोरं बसवलं आणि दुसरी चकती कापली. तीनवर आणि नऊवर अंगठा तसाच अडखळला.

नवं बेअरिंगही सैल कसं? या प्रश्नामागे लागल्यावर कळलं की जुनं मुळात खराब झालंच नव्हतं.

आधी त्या सपाट जागांचं बघू. वर्तुळ कापताना तीनच्या जागी बिटचा उजवीकडचा प्रवास संपतो आणि ते डावीकडे वळतं. म्हणजे एक्सची मोटर तिथे उलटी फिरू लागते. नऊवरही तेच. बारा आणि सहावर उलटतो तो वाय अक्ष. आता एक्समध्ये कुठेतरी 0.1 मिलिमीटर प्ले, म्हणजे सैलपणा, असेल, तर उलटी फिरणारी मोटर आधी तो प्ले भरून काढते आणि तेवढा वेळ स्पिंडल डावी-उजवीकडे हलतच नाही. वाय मात्र चालूच असतो. त्यामुळे बिट सरळ रेघ ओढतं. 30 मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात टोकापासून 0.1 मिलिमीटर आत यायचं तर कडेने सुमारे 2.4 मिलिमीटर जावं लागतं. पायथागोरसचं प्रमेय लावून पाहा, हाच आकडा येतो. माणसाच्या केसापेक्षा थोडाच जास्त असलेला सैलपणा लाकडावर चोवीस पट लांब होऊन उमटतो. डोळ्याला न दिसणारी गोष्ट अंगठ्याला कळते ती यामुळे.

खरं तर पाना हातात घेण्याआधी डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल काट्याने दाखवणारं मापक, लावायला हवं होतं. 0.01 मिलिमीटर दाखवणारं साधं गेज पुरतं. त्याचं स्टँड चुंबकाचं असतं आणि अशा यंत्रांची चौकट बहुधा अ‍ॅल्युमिनियमची, म्हणून ते चिकटत नाही. एक पोलादी पट्टी चौकटीला क्लॅम्पने आवळायची आणि स्टँड तिच्यावर बसवायचं. अक्षांच्या मोटरना वीज चालू ठेवायची, म्हणजे त्या आपली जागा धरून राहतात. स्पिंडलचा प्लग मात्र काढूनच ठेवायचा. मग बोटाने ढकलायचं आणि सोडायचं. उलट बाजूने ढकलायचं आणि सोडायचं. आकडा वाचायचा तो सोडल्यावर. ढकलताना काटा सरकला पण सोडल्यावर पूर्वपदावर आला, तर तो प्ले नव्हे, चौकट वाकली आणि परत सरळ झाली. दोन्ही बाजूंनी सोडल्यावर काटा वेगवेगळ्या आकड्यांवर थांबला, तर त्या दोन आकड्यांमधला फरक म्हणजे खरा प्ले. हा भेद न केल्यामुळे लोक वाकणाऱ्या चौकटीसाठी बेअरिंगं बदलत बसतात.

मी गेजचं टोक एकेक पायरी मागे नेत गेलो. स्पिंडलच्या अंगावर 0.11. स्पिंडल ज्या गाड्यावर बसतो त्या गाड्यावर 0.10. गाड्याला ओढणाऱ्या नटवर 0.10. शेवटी स्क्रूच्या टोकावर. तिथे मध्यभागी एक खळगा असतो, त्यात ग्रीसच्या थेंबाने एक पोलादी छर्रा चिकटवायचा आणि गेजचं टोक छर्‍यावर टेकवायचं, म्हणजे स्क्रूचं टोक वाकडं कापलेलं असलं तरी माप बिघडत नाही. काटा 0.09 वर. म्हणजे नट आणि गाडा दोन्ही जवळजवळ निर्दोष. आख्खा स्क्रूच आपल्या बेअरिंगमध्ये आत-बाहेर होत होता.

ते बेअरिंग म्हणजे सर्वांच्या ओळखीचं 608: आतला व्यास 8, बाहेरचा 22, रुंदी 7 मिलिमीटर. आतली रेस (म्हणजे कडी), बाहेरची रेस आणि मध्ये सात छर्रे, प्रत्येक जेमतेम चार मिलिमीटरचा. हे छर्रे दोन रेसमध्ये ठासून भरलेले नसतात. कारखान्यातच थोडी मोकळीक ठेवलेली असते. साध्या वर्गातल्या 608 मध्ये आडव्या दिशेची, म्हणजे शाफ्टला काटकोनात असलेली ही मोकळीक 2 ते 13 मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ही मोकळीक मुद्दाम ठेवतात. आतली रेस शाफ्टवर ठोकून बसवली की ती किंचित फुगते आणि त्या फुगण्यात काही मोकळीक संपते. फिरताना आतली रेस बाहेरच्या रेसपेक्षा जास्त तापते आणि आणखी थोडी संपते. मुळात मोकळीकच नसती तर बेअरिंग तापून आवळलं गेलं असतं.

पण 13 मायक्रॉन म्हणजे 0.013 मिलिमीटर, आणि माझं गेज दाखवत होतं 0.09. बाकीचे कुठून आले? उत्तर पुन्हा चकतीच्या कडेवरच होतं. छर्रा गोल आणि रेसमधली पन्हळही गोल, छर्‍यापेक्षा किंचित मोठ्या त्रिज्येची. शाफ्टच्या दिशेने ढकललं की छर्रा पन्हळीच्या तळाशी न राहता बाजूच्या उतारावर चढतो. तळाजवळचा उतार इतका सपाट असतो की काही मायक्रॉनची ती आडवी मोकळीक संपायला त्याच्या अनेक पट बाजूला सरकावं लागतं. 0.1 चे 2.4 झाले ते याच भूमितीने. 608 मध्ये दहा मायक्रॉनची आडवी मोकळीक असेल तर शाफ्टच्या दिशेने साधारण 90 मायक्रॉन प्ले निघतो. माझ्या हातातलं नवं बेअरिंग अगदी जसं असायला हवं तसंच होतं! चूक होती ती एकट्या बेअरिंगवर स्क्रूला दोन्ही दिशांनी धरून ठेवायची जबाबदारी टाकण्याची.

यावरचा उपाय ज्याने सायकलचं पुढचं चाक खोललंय त्याला माहीत असतो. तिथे दोन बाजूंना दोन कोन असतात आणि ते एकमेकांकडे आवळून छर्‍यांमधली मोकळीक संपवतात. सैल सोडले की चाक डुगडुगतं, जास्त आवळले की जड फिरतं. मधली एक जागा असते, ती बोटांना कळते. स्क्रूलाही तेच करायचं. एका बेअरिंगऐवजी दोन घ्यायची, एका ठोकळ्यात समोरासमोरच्या बाजूंनी बसवायची, बाहेरच्या रेस मधल्या कडेला टेकवायच्या आणि आतल्या रेस दोन्हीकडून एकमेकींकडे दाबायच्या. मोकळीक संपते आणि वर थोडा दाब उरतो. या दाबाला प्रीलोड म्हणतात.

थोडा म्हणजे किती, याचं कारण हाइनरिश हर्ट्झ याच्या कामात आहे. रेडिओलहरींवरून ज्याचं नाव आपण रोज घेतो तोच हर्ट्झ. 1881 साली, वयाची चोविशीही पुरी झाली नव्हती तेव्हा, एकमेकांवर दाबलेल्या काचेच्या भिंगांचा विचार करता करता त्याने दोन वक्र घन पदार्थ दाबले की काय होतं याचं गणित मांडलं. स्प्रिंग दुप्पट जोराने दाबली तर दुप्पट दबते. छर्‍याचं तसं नाही. नुसता टेकलेला छर्रा रेसला एका बिंदूत भेटतो आणि त्या क्षणी तो फार मऊ वागतो, बारीक जोरानेही दबतो. दाब वाढला की बिंदूचा ठिपका होतो, ठिपका पसरत जातो आणि छर्रा अधिकाधिक ताठ होतो. जोर दुप्पट केला तर दबणं दुप्पट होत नाही, सुमारे 1.6 पट होतं. म्हणून प्रीलोड द्यायचा: सुरुवातीचा मऊ टप्पा आधीच संपवून टाकायचा.

मग जोरात आवळावं की! इथेच हिशेब उलटतो. हर्ट्झच्या गणिताने ताठपणा दुप्पट करायचा असेल तर दाब आठ पट करावा लागतो. आणि छर्‍यांच्या बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात जातं: भार दुप्पट, आयुष्य एक अष्टमांश. ‘अजून अर्धा आटा मारून बघू’ ही आपली जुनी खोड इथे सरळ तोट्याची आहे.

प्रत्यक्षात मी स्क्रूवर दोन्ही बाजूंना कॉलर, म्हणजे आवळायच्या कड्या, चढवल्या, एका बाजूला लाटेसारखा वाकलेला स्प्रिंगचा वायसर घातला, बोटांनी दाबून धरून कॉलरचा ग्रब स्क्रू, म्हणजे डोकं नसलेला बारीक स्क्रू, आवळला. ग्रब स्क्रू थेट आट्यांवर आवळला तर आटे चेपतात, म्हणून त्याच्या टोकाखाली पितळेचा बारीक तुकडा टाकला. मग स्क्रू दोन बोटांत धरून सावकाश फिरवला. किंचित ओढ जाणवली पाहिजे, एकसारखी. खाचा लागल्यासारखं वाटलं तर छर्‍यांनी रेसमध्ये खळगे पाडले आहेत आणि ते बेअरिंग खरंच गेलं.

दोन्ही बेअरिंगं स्क्रूच्या एकाच टोकाला बसवली, मोटरच्या बाजूला. एकेक दोन टोकांना लावून मधला स्क्रू ताणायचा मोह होतो. पण 400 मिलिमीटरचा पोलादी स्क्रू 10 अंशांनी तापला की जवळजवळ 0.05 मिलिमीटर वाढतो. चौकट अ‍ॅल्युमिनियमची, ती वेगळ्या प्रमाणात वाढते. प्रीलोड कधी निघून जाईल आणि कधी बेअरिंग चिरडेल, सांगता येणार नाही. दुसरं टोक नुसतं आधाराला, लांबीच्या दिशेने मोकळं.

बाहेरची रेसच ठोकळ्यात सैल असेल तर हे सगळं फुकट. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. 22 मिलिमीटरचं घर आणि त्यातलं बेअरिंग दोन्ही 40 अंशांनी तापले, तर घर 0.01 मिलिमीटर जास्त मोठं होतं. सकाळी घट्ट असलेलं बेअरिंग दुपारी घरात फिरू लागतं. खूण ओळखायला सोपी: रेसच्या बाहेरच्या अंगावर चकाकणारे पट्टे आणि तांबूस-तपकिरी भुकटी. घराच्या कडेला पंच मारून ठिपके पाडायची जुनी युक्ती मला पटत नाही. चार उंचवटे पहिल्याच दिवशी चेपतात आणि बेअरिंग मध्यातून ढळतं. त्यापेक्षा बेअरिंग धरून ठेवणारा द्रव लावावा. हवा असेपर्यंत तो पातळ राहतो, धातूंच्या फटीत हवा मिळेनाशी झाली की घट्ट होतो. व्हर्नन क्रीबल या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने 1953 मध्ये शोधलेल्या चिकटद्रव्याचाच हा वंश. दोन्ही पृष्ठभाग आधी तेलमुक्त करायचे, थेंब बाहेरच्या रेसवर लावायचा. आत छर्‍यांत गेला तर बेअरिंग कायमचं बंद. प्लास्टिकच्या ठोकळ्यात मात्र हा द्रव नीट धरत नाही.

बेअरिंग बसवताना जोर त्याच रेसवर द्यावा जी घट्ट बसणार आहे. घरात बसवताना बाहेरच्या रेसवर, शाफ्टवर चढवताना आतल्या. उलट केलं की हातोडीचा प्रत्येक घाव छर्‍यांतून जातो आणि रेसमध्ये खळगे पाडतो. नवी बेअरिंगं पहिल्या दिवसापासून खरखरतात ती बरेचदा अशीच.

गाड्याच्या बेअरिंगांचा हिशेब वेगळा, तिथे तरफ काम करते. गाड्यावरची दोन बेअरिंगं एकमेकांपासून 40 मिलिमीटरवर असतील आणि बिटचं टोक 120 मिलिमीटर खाली, तर वरचा 0.02 चा प्ले खाली 0.06 होतो. गोल दांड्यावर सरकणारं बेअरिंग असेल, 8 मिलिमीटरच्या दांड्यावरचं एलएम-एट-यूयू (LM8UU) म्हणतात ते, तर त्यात छर्‍यांच्या चार रांगा असतात. भार एकाच रांगेवर न येता दोन रांगांत वाटला जाईल असं ते फिरवून बसवावं. दांडा मऊ निघाला तर छर्रे त्याच्यावर लांबलचक चर पाडतात. नखाने चर लागला तर नवा दांडा मिळेपर्यंत आहे तोच थोडा फिरवून बसवावा, छर्‍यांना कोरी वाट मिळते. चाकांवर धावणारा गाडा असेल तर विकेंद्री नट, म्हणजे फिरवला की चाक जवळ-लांब करणारा नट, फिरवायचा. चाक बोटाने अडवून गाडा ढकलला तर ते घसरलं पाहिजे, पण मोकळं गरगरता कामा नये.

स्पिंडलच्या बेअरिंगला घरी फार छेडू नये. मिनिटाला 18,000 फेर्‍यांवर दोन धारांचं बिट सेकंदाला 600 वेळा लाकडावर आदळतं. त्या बेअरिंगांची जोडी जुळवून बसवलेली असते. आवाज बदलला किंवा नेहमीपेक्षा जास्त तापायला लागलं तर पूर्ण जोडी बदलायची.

धुळीचं मात्र मनावर घ्यावं. लाकडाची बारीक धूळ ग्रीसमध्ये मिसळून लगदा होते, ओल धरून ठेवते आणि पोलादाला गंज आणते. पत्र्याच्या झाकणांपेक्षा रबरी सील असलेली बेअरिंगं इथे बरी. दाबाच्या हवेने फुंकर मारून सफाई करायची सवय सोडावी, त्याने धूळ सीलच्या आत शिरते. ब्रश आणि व्हॅक्यूम पुरे. आणि तोंडाला मास्क, कारण कठीण लाकडाची धूळ कर्करोग घडवू शकते.

नव्या जोडीनंतर थंड यंत्रावर गेज 0.01 दाखवत होतं. तासभर काम करून यंत्र तापल्यावर पुन्हा लावलं, तरी 0.01. तिसरी चकती कापली. तीनवर आणि नऊवर अंगठा अडखळला नाही. बारावर किंचित अडखळला. तो वाय अक्षाचा, आणि आधीपासूनच असणार. एक्सच्या गोंधळात मी त्याला गुळगुळीत म्हणत होतो.