श्लीव ना कल्यी

आयर्लंडच्या मीथ परगण्यातील ओल्डकॅसल गावाजवळची टेकड्यांची रांग. सर्वोच्च उंची सु. २७६ मी. इंग्रजीत ती लॉक्रू या नावाने ओळखली जाते. कार्नबेन पूर्व, कार्नबेन पश्चिम व पॅट्रिकस्टाउन या माथ्यांवर नवाश्मयुगीन दगडी थडगी असून त्यांचा काळ साधारणतः इ.स.पू. ३५०० ते ३००० असा धरतात.

आयरिश नावाचा अर्थ ‘म्हातारीचा डोंगर’. लोककथेतील ही म्हातारी (कल्याख) ओच्यात धोंडे भरून टेकडीवरून टेकडीवर उड्या मारत निघाली. प्रत्येक उडीला काही धोंडे ओच्यातून सांडले, त्यांचेच हे थडग्यांवरचे ढीग झाले. शेवटच्या उडीत ती पॅट्रिकस्टाउनवर कोसळून मेली व तेथेच पुरली गेली, असे सांगतात. तिचे नाव कोठे गारवोग, कोठे बेरा असे येते. जॉन ओ'डोनोव्हन यांनी १८३६ मध्ये भूमापन खात्यासाठी येथील लोकपरंपरेची नोंद केली. या कथेवरील एक इंग्रजी पद्य जॉनथन स्विफ्टचे मानतात.

ही कथा किती जुनी, हे ठरवताना कल्याख या शब्दाचे मूळ पाहावे लागते. ‘कल्ये’ म्हणजे डोक्यावरचे वस्त्र, आणि हा शब्द लॅटिन ‘पाल्लियुम’वरून आलेला, म्हणून ‘कल्याख’ म्हणजे मुळात डोक्यावरून वस्त्र घेतलेली स्त्री, जोगीण, आणि पुढे म्हातारी, ही व्युत्पत्ती भाषाशास्त्रज्ञांना सामान्यतः मान्य आहे. ती धरल्यास हे नाव तरी ख्रिस्ती काळाआधीचे ठरत नाही. काही अभ्यासक मात्र या म्हातारीत प्राचीन भूदेवी पाहतात. नाव नवे व कल्पना जुनी असणे शक्य आहे. पण थडगी बांधणाऱ्यांपर्यंत ती नेण्यास पुरावा अपुरा वाटतो.

शाळा तपासनीस यूजीन कॉनवेल यांनी १८६३ मध्ये या थडग्यांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. कार्नबेन पूर्ववरील सर्वांत मोठे थडगे (‘टी’ या अक्षराने ओळखले जाणारे) ओलाव फोला या कथाप्रसिद्ध राजाचे असल्याचे त्यांचे मत आता मान्य नाही. या थडग्याचा व्यास सु. ३५ मी. असून भोवती ३७ कडेचे दगड आहेत. विषुवदिनी उगवत्या सूर्याचा कवडसा आतल्या शिळेवर पडतो आणि तिच्यावरील किरणयुक्त वर्तुळांवरून डावीकडून उजवीकडे, खाली सरकत जातो.

उत्तरेकडचा कडेचा दगड म्हणजे ‘म्हातारीची खुर्ची’: सु. ३ मी. रुंद, मधोमध बैठकीसारखा खोलगट. तिच्यावर बसून मागितलेली इच्छा पुरी होते, ही समजूत आजही आहे. बैठकीवर क्रूस कोरलेला आहे. कॅथलिकांवर निर्बंध असताना येथे गुप्तपणे मिस्सा (कॅथलिकांची उपासना) होत असे, तो त्या काळचा, असे स्थानिक लोक मानतात. भूमापकांनी मोजणीसाठी केलेली ती खूण असावी, हे कॉनवेल यांचे मत अधिक संभवनीय दिसते.

पॅट्रिकस्टाउनवरील थडग्यांचे फारच थोडे अवशेष उरले आहेत.