परवानगीशिवाय लिहिलेलं चरित्र आणि म्हाइंभटांची रीत

आवडत्या गायकाचं अनधिकृत चरित्र हाती आलं की आपल्या मराठवाड्यात पहिला प्रश्न ठरलेला: घरच्यांना विचारून लिहिलंय का? मला हा प्रश्न दुय्यम वाटतो. घरच्यांच्या संमतीने लिहिलेल्या पुस्तकातही बरंच गाळलं जातं.

1968 साली बीटल्स या इंग्लिश बँडचं अधिकृत चरित्र आलं. ते लिहिणाऱ्या हंटर डेव्हिस यांना बँडमधल्या चौघांनीही मोकळेपणाने भेटू दिलं होतं. पण चौघांपैकी जॉन लेननला वाढवणाऱ्या मिमी मावशींना त्याच्या लहानपणच्या उचापती छापायला नको होत्या, म्हणून मजकूर मवाळ झाला. उलट 1988 साली अल्बर्ट गोल्डमन यांनी लिहिलेल्या लेननच्या अनधिकृत चरित्रावर इतका संताप उसळला, की त्याचे बँडमधले सहकारी पॉल मॅकार्टनी यांनी ते विकत घेऊ नका असं आवाहन केलं.

भारतात याची कायदेशीर चौकट सर्वोच्च न्यायालयाने 1994 साली राजगोपाल खटल्यात आखून दिली. सार्वजनिक नोंदींवर आधारलेलं लिखाण संमतीशिवाय छापता येतं. त्यापलीकडे खासगी आयुष्यात शिरलं तर जबाबदारी लेखकावर येते.

कायदा इथवरच नेतो. पुस्तक खरं किती, हे पारखायची रीत मात्र आपल्याकडे फार जुनी आहे. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी पैठणला राहिले, गोदाकाठची गावं फिरले. ते उत्तरापंथे, म्हणजे उत्तरेकडे, निघून गेल्यावर, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हाइंभटांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं-ऐकलं होतं त्यांना गाठून आठवणी गोळा केल्या. त्यातून ‘लीळाचरित्र’ उभं राहिलं. म्हाइंभट भक्त होते, तटस्थ नव्हते, हे खरंच. तरीही स्वामी कुठे उतरले, काय जेवले, कोणाला काय म्हणाले, हे बारीकसारीक त्यांनी टाकून दिलं नाही. एकाच प्रसंगाच्या वेगवेगळ्या आठवणी पोथ्यांमध्ये शेजारी-शेजारी नोंदलेल्या सापडतात. मला याचं फार मोल वाटतं.

गायकाचं चरित्र वाचताना मी तेच शोधतो. ‘निकटवर्तीय सांगतात’ एवढ्यावर अख्खं प्रकरण उभं असेल, तर पान उलटतो. ढोलकीवाला, हार्मोनियमवाला, कार्यक्रमाचा आयोजक यांची नावं असली की थांबतो. रेकॉर्डच्या लेबलवर गायक-संगीतकाराचं नाव आणि क्रमांक छापलेला असतो; पुस्तकातला दावा त्याच्याशी ताडून पाहता येतो. आणि कव्वालीचा सामना बीडला रंगला होता असं लिहिलं असेल, तर त्या रात्री पुढच्या रांगेत बसलेलं कोणीतरी बीडमध्ये अजून असतं. त्यांना जाऊन विचारावं.