भिंतीवरचा गुलाबी, कालव्यातला काळा

मेक्सिको सिटीला भिंती रंगवण्याची जुनी हौस आहे. 1920च्या दशकात दिएगो रिव्हेरा, ओरोस्को, सिकेरोस यांनी सरकारी इमारतींच्या भिंतींवर देशाचा इतिहास उभा केला. आजचे चित्रकार पुलांच्या खांबांवर, दुकानांच्या शटरवर, वस्त्यांच्या कुंपणांवर प्राणी रंगवतात. त्यांत पुन्हा पुन्हा भेटतो तो आहोलोते. जगभर त्याला ॲक्सोलॉटल म्हणतात. पाण्यात राहणारा हा शेपटीवाला उभयचर, सॅलॅमँडरांपैकी एक. रुंद डोकं, गालभर पसरलेलं हसू, पापण्या नसलेले गोल डोळे आणि मानेशी दोन्ही बाजूंना लालभडक झुपकेदार कल्ले. ही चित्रं मला मनापासून आवडतात. चांगला चित्रकार प्रत्येक बाजूला तीनच कल्ले काढतो, पुढच्या पायाला चार बोटं आणि मागच्या पायाला पाच काढायला विसरत नाही. प्राणी नीट पाहिल्याशिवाय हे जमत नाही.

रंग मात्र बहुतेक वेळा गुलाबी असतो, आणि शहराच्या दक्षिणेला सोचिमिल्कोच्या कालव्यांत राहणारा रानटी आहोलोते गुलाबी नसतो. तो गडद असतो. काळपट तपकिरी अंग, त्यावर हिरवट झाक आणि बारीक सोनेरी ठिपके. गढूळ पाण्यात, पाणवनस्पतींच्या मुळांशी दडून बसणाऱ्याला हाच रंग शोभतो आणि तगवतो.

मग गुलाबी आला कुठून? मेक्सिकोत फ्रेंच फौजा असताना, 1864 साली, 34 जिवंत आहोलोते पॅरिसला पोचले. त्या खेपेत एक पांढरटही होता. त्यांतले सहा, म्हणजे पाच नर आणि एक मादी, प्राणिशास्त्रज्ञ ऑग्युस्त द्युमेरिल यांच्या हाती आले. त्यांची वीण इतकी भराभर वाढली की पिल्लं युरोपभर वाटली गेली. प्रयोगशाळांमधले आजचे बहुतेक आहोलोते याच खेपेचे वंशज आहेत, आणि पांढरट रंगाचा दोषही त्यांच्याबरोबर पसरला.

हा दोष समजून घेण्यासारखा आहे. गर्भात पाठीच्या कण्याजवळ तयार झालेल्या रंगपेशी पुढे कातडीभर पसरत जातात. या आहोलोतेमध्ये एका जनुकातल्या बिघाडामुळे त्यांचा प्रवास अर्ध्यावरच थांबतो. कातडी रंगहीन राहते आणि खालचं रक्त गुलाबी दिसतं. डोळ्याच्या पडद्यातला काळा रंग मात्र वेगळ्या पेशींपासून जागच्या जागी बनतो, त्यामुळे डोळे काळेच राहतात. पूर्ण वर्णहीन आहोलोते निराळा. त्याचे डोळेही फिके असतात, आणि तो दोष 1962 साली अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत टायगर सॅलॅमँडर या त्याच्या नातलगाशी संकर करून आणला गेला. तेव्हा भित्तिचित्रात गुलाबी अंग आणि काळे डोळे दिसले, तर तो पॅरिसच्या खेपेचा वारस समजावा.

या प्राण्याबद्दलचं कुतूहल दीडशे वर्षं टिकलं ते त्याच्या दोन गुणांमुळे. पहिला म्हणजे तो प्रौढ होऊनही पिल्लाच्या रूपात राहतो. बेडकाच्या पिल्लाचे कल्ले जातात, पाय फुटतात आणि ते जमिनीवर येतं. शरीराला हा बदल करायला थायरॉइडचं संप्रेरक सांगतं. आहोलोतेमध्ये हा संदेश पुरेसा जोरात निघतच नाही, म्हणून कल्ले तसेच ठेवून तो पाण्यातच अंडी घालतो. बाहेरून संप्रेरक दिलं तर कल्ले झडतात आणि तो जमिनीवर चालू लागतो. द्युमेरिलकडची काही पिल्लं आपोआपच अशी बदलली, तेव्हा ते चक्रावून गेले होते.

दुसरा गुण म्हणजे तुटलेला पाय हाडं, स्नायू, चेतातंतूंसह पुन्हा उगवतो. शेपूट, मज्जारज्जू, हृदयाचा आणि मेंदूचा काही भागही. पाय तुटला की काही तासांत जखमेवर कातडीचा पापुद्रा चढतो, त्याखाली पेशींचा उंचवटा जमतो आणि त्यातून नवा पाय घडतो. मनगटापासून तुटलं तर फक्त पंजा उगवायचा आणि खांद्यापासून तुटलं तर अख्खा हात, हे त्या पेशींना कळतं कसं? 2025 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून याचा धागा मिळाला. अ जीवनसत्त्वापासून बनणारं रेटिनोइक आम्ल खांद्याकडे जास्त आणि मनगटाकडे कमी असतं, कारण मनगटाकडे ते मोडून टाकणारं विकर अधिक असतं. त्या पातळीवरून पेशी आपली जागा ओळखतात. या प्राण्याचा जनुकसंच 2018 साली वाचून झाला. त्यात 32 अब्ज अक्षरं आहेत, आपल्या दहापट.

प्रयोगशाळेत इतकी भरभराट, आणि सोचिमिल्कोत? 1998च्या गणतीत दर चौरस किलोमीटरला सुमारे 6000 आहोलोते होते. 2008 मध्ये 100 उरले, 2014 मध्ये 36.

कारणं पाण्यातच आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सोचिमिल्कोचे झरे नळांतून शहराकडे वळवले गेले. आता कालव्यांत मुख्यतः प्रक्रिया केलेलं सांडपाणी सोडतात. चपुल्तेपेक बागेतल्या पाण्याच्या टाकीत रिव्हेरांनी 1951 साली जीवसृष्टीचा उगम रंगवला, तोही शेजारच्या लेर्मा खोऱ्यातून शहरात आणलेल्या पाण्याच्या स्वागतासाठी. ते पाणी गेल्यावर तिथली दलदलही आटत गेली. त्यात लोकांच्या आहारासाठी म्हणून कार्प आणि तिलापिया मासे कालव्यांत सोडले. उजनीच्या काठावर चिलापी विकणाऱ्याला आणि स्थानिक मासे कमी होताना पाहणाऱ्याला याचा अर्थ सांगावा लागणार नाही. भारतात तिलापिया 1952 साली आणला गेला. सोचिमिल्कोत कार्प तळ ढवळून पाणवनस्पती उपटतो, आणि त्यांनाच आहोलोतेची अंडी चिकटलेली असतात. अंडी आणि पिल्लं दोन्ही मासे खातात.

प्रयोगशाळेतले लाखो आहोलोते ही उणीव भरून काढू शकत नाहीत. त्यांचं रक्त जवळच्या नात्यातल्या विणीचं, काहींत तर टायगर सॅलॅमँडरचं मिसळलेलं. शिवाय सोडायचं म्हटलं तरी कुठल्या पाण्यात? मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठातले लुईस सांब्रानो आणि त्यांचे सहकारी म्हणून चिनांपांवरच्या शेतकऱ्यांबरोबर काम करतात. चिनांपा म्हणजे उथळ तळ्यात गाळ रचून केलेलं, चारी बाजूंनी पाणी असलेलं शेत. अझ्टेकांच्या आधीपासूनची ही पद्धत आहे. या शेतांमधले अरुंद चर साफ करून तोंडाशी जाळ्या बसवतात. मासे आत शिरत नाहीत, पाणी गाळून येतं, आणि शेतकऱ्याला रसायनं सोडून द्यावी लागतात.

मेक्सिकोच्या 50 पेसोच्या नोटेवर 2021 पासून आहोलोते आहे, आणि त्याच्याबरोबर चिनांपा व मका आहे. मला ते चित्र फार योग्य वाटतं. भिंतींवरही आता गुलाबीच्या जोडीला गडद, सोनेरी ठिपक्यांचा आहोलोते भरपूर दिसायला हवा, कारण वाचवायचा आहे तो हाच.

2025 साली एक चांगली बातमी आली. बंदिस्त जागेत वाढवलेले 18 आहोलोते अंगात लहानसे ट्रान्समीटर बसवून सुधारलेल्या पाणथळ जागांत सोडले होते. जोवर त्यांच्यावर लक्ष ठेवलं, तोवर सगळे जगले. जे पुन्हा पकडले गेले त्यांचं वजन वाढलेलं होतं. आयतं खाऊन वाढलेले ते जीव शिकार करायला शिकले होते.