दम्याचा पंप ज्याचा, त्यालाच काउंटरवर पाठवा

"पंप बिघडलाय, बदलून द्या" ही तक्रार आमच्या फार्मसीत सारखी येते. ती घेऊन येतात आई किंवा बाबा, मुलगा असतो ट्यूशनला. आम्ही पंप तपासतो आणि बहुतेक वेळा तो ठीक निघतो. चूक औषध ओढण्यात असते, आणि ती ओढणाऱ्याला पाहिल्याशिवाय सापडत नाही. म्हणून बारा वर्षांपुढच्या मुलामुलींना स्वतः येऊ द्या. पाच मिनिटांचं काम आहे, त्याचे पैसे आम्ही घेत नाही.

फवाऱ्याचा पंप आधी नीट हलवायचा. नवा असेल किंवा बरेच दिवस पडून असेल तर पहिले दोन-चार फवारे हवेत सोडायचे. नेमका आकडा आतल्या कागदावर असतो. श्वास पूर्ण बाहेर सोडून पंपाचं तोंड ओठांत धरायचं आणि ओठ त्याभोवती घट्ट मिटायचे. श्वास हळू आत घ्यायला लागलं की लगेच दाबायचं, पण ओढणं थांबवायचं नाही. मग दहा सेकंद श्वास रोखायचा. दुसरा फवारा अर्ध्या मिनिटाने, पुन्हा हलवून.

वर्गातल्या मुलांपासून लपवून, घाईत, एकाच श्वासात दोन फवारे मारले की औषध घशाच्या मागच्या भिंतीवर बसतं, फुफ्फुसात थोडंच पोचतं. मूल म्हणतं, पंपाने फरक पडत नाही. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी, लावला तर हा प्रश्न बराचसा सुटतो. शाळेत न्यायला लाज वाटत असेल तर निदान घरी, रोजच्या पंपाला तरी लावावा. तो साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच वाळवा. फडक्याने पुसल्यास प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध आतच चिकटतं.

औषधाच्या भुकटीची कॅप्सूल घालून ओढायच्या यंत्राचं उलट आहे: तिथे जोरात आणि खोल ओढायचं, यंत्रात फुंकायचं नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात भुकटी दमट होऊन गोळा होते, तेव्हा बाटलीचं झाकण घट्ट लावा आणि कॅप्सूल ओढायच्या वेळीच, कोरड्या हाताने काढा. फवाऱ्याचा पंप स्कूटरच्या डिकीत कधीच ठेवू नका. उन्हात डिकी तापते आणि डबी दाबाखालची असते.

डबी हलवून आत औषध किती उरलंय ते कळत नाही. औषध संपल्यावरही फवारा उडतो, कारण वायू शिल्लक असतो. पाण्यात तरंगवून पाहणंही भरवशाचं नाही. आकडा दाखवणारा पंप नसेल तर हिशोब करा: 120 फवाऱ्यांचा पंप, सकाळी दोन, रात्री दोन, म्हणजे 30 दिवस. संपायची तारीख मुलाने स्वतः पंपावर मार्करने लिहावी.

लगेच आराम देणारा पंप हवा म्हटला की आम्ही चिठ्ठी मागतो आणि मागचा कधी नेला तेही विचारतो. काहींना राग येतो, तरी आम्ही विचारणं सोडणार नाही. जागतिक दमा मार्गदर्शक संस्था 'जिना' 2019 पासून सांगते की बारा वर्षांपुढे नुसत्या साल्ब्युटामॉलवर, म्हणजे लगेच आराम देणाऱ्या पंपातल्या औषधावर, दमा सांभाळू नये. वर्षाला अशा तीन किंवा जास्त डब्या लागत असतील तर मोठ्या अटॅकचा धोका वाढतो. श्वासनळीची सूज रोजचा स्टेरॉइडचा पंप कमी करतो, आणि बरं वाटलं की मुलं नेमका तोच सोडतात. "सवय लागेल" ही भीती नको. मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते. ओढल्यावर चूळ भरून थुंकायचं, नाहीतर तोंडात बुरशी येऊ शकते. चतुर्थीचे फटाके, नरकासुर जाळतानाचा धूर, शिगम्याचा गुलाल यांच्या आधीच्या आठवड्यांत तर एकही दिवस चुकवू नये.

एक गोष्ट मुलाला पाठ हवी. वाक्य पुरं बोलता येत नाही, ओठ निळसर दिसतात किंवा आराम चार तासही टिकत नाही, तर मोठ्यांना सांगून 108 ला फोन करायचा. गाडी येईपर्यंत डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे आरामाचा पंप घेत राहायचं. ते लेखी नसेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून मागून घ्या. त्याची छोटी प्रत आम्ही लॅमिनेट करून देतो, दप्तरात राहते.

स्पेसर, मास्क आणि श्वासाचा जोर मोजायचं पीक फ्लो मीटर आमच्याकडे मिळतं. वापरलेला पंप मात्र परत घेता येत नाही. येताना चालू असलेले सगळे पंप आणि चिठ्ठी आणा, संध्याकाळी पाचनंतर या. तेव्हा गर्दी कमी असते.